परसूच्या पाण्यातला लाल

सुखदाने नोकरी सोडली तेव्हा तिच्या आईने पुण्याहून फोन करून एकच प्रश्न विचारला, आता करणार काय. सुखदा म्हणाली, आर्ट क्विल्ट. आईने थोडा विचार केला आणि नातेवाइकांना कळवलं, की पोरगी बंगळुरात गोधड्या शिवते, पण अंगावर घ्यायच्या नाहीत अशा. या व्याख्येत दुरुस्ती करायला सुखदाला पुढची दोन वर्षं कुठेच जागा सापडली नाही.

नोकरीत ती एका ॲपमधल्या बटणांचे रंग ठरवायची. सहा वर्षांत तिने एक बटण पूर्ण केलं. ते निळं होतं. आधीही ते निळंच होतं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी तिच्या रंगाच्या नजरेचं तोंडभर कौतुक केलं आणि केकवर ते बटण काढून आणलं. केकवर ते जांभळं आलं होतं.

आता ती वर्तूरच्या पुढे, चोवीस फ्लॅटांच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर बसून उजेड शिवत होती. बाल्कनीसमोर दुसऱ्या इमारतीची एक भलीमोठी कोरी भिंत होती. त्या बाजूला बिल्डर खिडक्या ठेवायला विसरला होता म्हणे. बाकीचे रहिवासी तिला 'ती भयाण भिंत' म्हणायचे आणि ती दाखवून घराचं भाडं कमी करून घ्यायचे. सुखदा मात्र रोज संध्याकाळी खुर्ची टाकून तिच्यासमोर बसायची. पाच चाळीसला त्या भिंतीवरचं ऊन पिवळं पडायचं, मग हळूहळू पिकायचं, खालून सावली चढत यायची, आणि सहा पस्तीसला ऊन निघून गेल्यावरही भिंत मिनिटभर तांबडी राहायची. पाहुणे लिफ्टमध्ये शिरले तरी यजमानाच्या तोंडावर हसू राहतं तशी.

त्या पंचावन्न मिनिटांचे तिने बारा क्विल्ट करायचे ठरवले होते. दर पाच मिनिटांना एक. प्रत्येक साडेतीन फुटांचा. मांजरपाट धुवायचा, हिरड्याच्या पाण्यात बुडवायचा, तुरटी द्यायची आणि मग रंग: पिवळ्यासाठी डाळिंबाच्या साली, लालसाठी मंजिष्ठेच्या मुळ्या. वाळल्यावर कापडाच्या पट्ट्या कापायच्या, एकीला एक लावायच्या आणि वरून हाताने धावदोरा घालायचा. पहिल्या क्विल्टमध्ये लाल अगदी दोऱ्याएवढा होता, अकराव्यात निम्म्याहून जास्त. बारावा, सहा पस्तीसचा, जवळजवळ सगळाच लाल होता. म्हणजे असणार होता. कापड एकदम रंगवून ठेवलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं, पण ज्या त्या वेळचा उजेड डोळ्यांत असतानाच ते ते कापड रंगवायचं असं सुखदाचं तत्त्व होतं. या तत्त्वाने पुढे तिची जी काही फजिती केली, ती इतर कुठल्याही तत्त्वाने केली असती यात शंका नाही. पण हे हाताशी होतं.

तो लाल हीच तिची खासियत होती. इंदिरानगरच्या गॅलरीतली आश्लेषा, जी कुठल्याही वस्तूकडे बघताना मान इतकी वाकडी करायची की समोरच्याला तिच्या मणक्याची काळजी वाटावी, ती सातव्या क्विल्टपुढे चक्क मान सरळ करून उभी राहिली. म्हणाली, असा लाल मी कुणाकडे बघितला नाही. पिकल्या मिरचीतून सूर्य बघितल्यासारखा आहे. तिने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातलं प्रदर्शन पक्कं केलं. बारा म्हणजे बारा, अकरा नकोत, असंही बजावलं. घरी येऊन सुखदाने नवऱ्याला सांगितलं, की हा हाताचा गुण असतो, शिकवून येत नाही. ध्रुव घरूनच काम करायचा, म्हणजे दिवसभर एका खोलीत बसून लोकांना 'मी ऐकू येतोय का' असं विचारायचा. त्याने मान डोलावली. तो सगळ्यालाच मान डोलावायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी सुखदाने बाराव्याचं कापड रंगात टाकलं आणि तासाभराने काढलं, तर ते चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं होतं.

तिने पुन्हा केलं. पुन्हा बिस्किट. मंजिष्ठा दुप्पट घातली, तर जास्त भिजलेलं बिस्किट. मग ती बंगळुरातल्याच शिवाजीनगरला जाऊन त्या जडीबुटीवाल्याशी भांडून आली. त्याने शांतपणे तिच्यासमोर एक मुळी चावून दाखवली, लाल जीभ बाहेर काढली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पातेलं बदललं. गॅस बदलून इंडक्शन आणलं. आठव्या वेळी ध्रुवला खोलीबाहेर काढलं, कारण त्याच्या डोलण्याने आच हलते असा तिला संशय होता. नवव्या वेळी तिला हाताचा गुण गेला की काय असं वाटायला लागलं आणि तिने हात समोर धरून बराच वेळ पाहिले. ते जुनेच होते.

उलगडा इस्त्री करताना झाला. कपड्यांवर फवारायच्या बाटलीत पाणी होतं, जानेवारीत भरलेलं, तळाशी पांढरा थर बसलेला. सुखदा बाटलीकडे बघत राहिली. मग ते पाणी वाटीत ओतून तिने चमचाभर मंजिष्ठा आणि ध्रुवचा एक रुमाल त्यात उकळला. रुमाल लाल झाला. पिकल्या मिरचीतून सूर्य बघितल्यासारखा लाल.

म्हणजे गुण हाताचा नव्हता. परसूच्या पाण्याचा होता.

आता हा परसू कोण, तर अथणीकडून आलेला टँकरवाला. सहा वर्षं तो या इमारतीला नऊशे फूट खोल बोअरचं पाणी पुरवायचा. त्या पाण्यात जमिनीखालचं जे जे विरघळण्यासारखं आहे ते सगळं होतं, आणि जे नाही तेही थोडं होतं. त्याने गीझर मरायचे. नळांना दाढ्या फुटायच्या. डाळ शिजायची नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या विश्वेश्वरांना तर आपलं टक्कल त्याच पाण्याने पडलं असा ठाम विश्वास होता. त्यांचं लग्नातलं टक्कलवालं छायाचित्र इमारतीत येण्याआधीचं होतं हे कुणी काढलं की ते विषय बदलायचे.

आणि परसूला घालवला कुणी, तर सुखदाने.

इमारतीचे अध्यक्ष आप्पाजी म्हणजे मूळचे निपाणीचे, चाळीस वर्षं बंगळुरात मुरलेले, वय एकाहत्तर. इमारतीला कावेरीच्या पाण्याचं कनेक्शन मिळवणं हे त्यांचं आयुष्यातलं अखेरचं कार्य होतं. सहा वर्षं ते कागद घेऊन हिंडले. मंजुरी दिसायला लागल्यावर जानेवारीत ते सुखदाकडे आले होते. म्हणाले होते, "तुझं इंग्लिश चांगलं आहे बघ. स्वल्प एक पत्र लिही. परसूचं पाणी कसं आहे ते. वाचणाऱ्याला तहान लागली नाही पाहिजे." सुखदाने मन लावून सहा पानं लिहिली. 'मानवी वापरास अयोग्य' हे शब्द तीनदा आणले. सोबत पाच परिशिष्टं जोडली. परिशिष्ट चारमध्ये एका पांढऱ्या चादरीवर पडलेल्या डागाचा मोठा फोटो होता, आणि रंगाच्या बाबतीत नजर असल्यामुळे तिने तो उजेड बघून काढला होता. आप्पाजींनी सभेत पत्र मोठ्याने वाचलं, टाळ्या पडल्या, आणि कावेरी येईपर्यंत गाळीव पाणी देणारा दुसरा टँकर लावून परसूला त्याच आठवड्यात, पत्राची प्रत हातात ठेवून, नारळ देण्यात आला.

ते गाळीव पाणी पारदर्शक, चविष्ट आणि बिस्किटाच्या रंगाचं होतं.

सुखदाने आधी घरगुती उपाय करून पाहिले. पाण्यात खडू कुटून घातला. चुना घातला, तर कापड जांभळं झालं आणि रागावल्यासारखं दिसायला लागलं. मग ती वाटी आणि चमचा घेऊन खालच्या तिन्ही मजल्यांवर फिरली आणि लोकांच्या मेलेल्या गीझरमधला थर खरवडून मागू लागली. लोकांनी दिला, या इमारतीत कुणी चमचा घेऊन दारात आलं तर लोक फार विचारत नसत. तो थर उकळला तर नुसता वास आला. पाणी ते पाणीच. एप्रिलला तीन आठवडे उरले होते, कावेरीच्या उद्घाटनाला तीन दिवस.

सुखदा स्कूटर काढून परसूकडे गेली.

परसू त्याच्या बोअरपाशी टँकरच्या सावलीत बसला होता. आता तो एका बांधकामाला पाणी द्यायचा आणि खुशीत होता, कारण सिमेंट तक्रार करत नाही. सुखदाने ओळख सांगायच्या आतच त्याने केबिनमधून एक फ्रेम काढून आणली. काचेमागे तिच्या पत्राचं पहिलं पान होतं. आत देवीच्या तसबिरीशेजारी त्या पानाची जागा होती.

"हे तुमीच लिवलंय न्हवं, अक्का?"

सुखदा म्हणाली, हो, पण.

"आमच्या खानदानात कुणावर कुणी सा पानं लिवली न्हाईत. आमच्या आज्याला फाशीच हुणार हुती, तवा बी कोर्टानं दोनच पानं लिवली. मग सोडलं त्याला." त्याने काच बाहीने पुसली. "वाचता येत न्हाई मला. खरं वजन हाय."

सुखदाने अडचण सांगितली. क्विल्ट, बारावा, लाल, प्रदर्शन, सगळं. परसूने लक्ष देऊन ऐकलं. त्याला दोनच शंका होत्या. एक, बंगळुरात कुठली आलीय एवढी थंडी. दोन, अंगावर घ्यायची नाही तर गोधडीला दुसरं काम काय असतं. सुखदाने सांगितलं की ती भिंतीवर लावायची, लोक बघायला येतात. परसू म्हणाला, आमच्याकडं वाळत घातलेली बघत्यात, ते येगळं काय. मग त्याने अटी सांगितल्या. पाणी मिळेल, पण त्याच पाण्याबद्दल पुन्हा एक पत्र पाहिजे, चांगलं. सहाच पानं. मागे फोटोबिटो लावलेत तसे लावून. आणि बादलीच्या हिशेबाने पाणी मिळणार नाही. तो दूधवाला नव्हता.

"टँकर म्हंजे टँकर. सा हजार लीटर."

सुखदा म्हणाली, मला सात बादल्या हव्यात. उरलेलं ठेवू कुठे?

"ते माज्यावर सोडा. रविवारी सकाळी सातला."

रविवारी तर उद्घाटन आहे, ती म्हणाली. ते दहाला हाय, परसू म्हणाला. त्याला वेळ कशी माहीत, हे तिला त्या वेळी सुचलं नाही. ती घरी येऊन पत्र लिहायला बसली. सोपं गेलं. जानेवारीच्या पत्रातले दोष तेच ठेवून त्यांना 'खनिजसमृद्ध' म्हटलं, आणि परिशिष्ट चारमध्ये चादरीच्या जागी लाल रुमाल लावला. खाली तीच सही केली.

रविवारी सातला पाच मिनिटं असताना ती सात बादल्या एकात एक घालून लिफ्टपाशी गेली. लिफ्ट झेंडूच्या माळांनी भरलेली होती. ती जिन्याने उतरली. बादल्या प्रत्येक पायरीला आपली उपस्थिती सांगत होत्या. खाली मागच्या गेटाशी परसूचा टँकर उभा होता, आणि परसू कमरेवर हात ठेवून समाधानाने बघत होता. सुखदाने त्याच्या नजरेमागे नजर नेली. टँकरची जाड पाइप अंगणाच्या कोपऱ्यातल्या जमिनीखालच्या टाकीत सोडलेली होती. गेली सहा वर्षं ती जिथे जायची तिथेच.

टँकर रिकामा झाला होता.

तिने बादल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. परसू म्हणाला, एवढ्या बादल्या कशाला चढवताय चौथ्या माळ्यावर, वर पंप लावलाय, तुमच्याच नळाला येईल की. आणि पत्र? तिने पत्र दिलं. त्याने ते हातावर तोलून पाहिलं, पहिल्यापेक्षा हलकं नाही याची खात्री करून घेतली आणि निघून गेला.

सुखदा बादल्यांसकट तिथेच उभी राहिली. ज्या टाकीत आज सहा वर्षांनी कावेरी यायची, तिच्यात तिने, तिच्या हट्टापायी, तिनेच लेखी अयोग्य ठरवलेलं सहा हजार लीटर पाणी ओतवलं होतं. तेही उद्घाटनाच्या तीन तास आधी. आप्पाजींना सांगावं तर त्यांचं काय होईल. न सांगावं तर विश्वेश्वरांच्या उरलेल्या केसांचं काय होईल. ती वर गेली आणि ध्रुवला सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली. त्याच्या कानात कुणीतरी दुसरंच बोलत होतं.

दहाला सगळे अंगणात जमले. नळाला हळदकुंकू आणि माळ. प्रमुख पाहुण्या तिसऱ्या मजल्यावरच्या अंबूबाई, कारण इमारतीत कावेरीची वाट सगळ्यात जास्त वर्षं त्यांनी पाहिली होती. आप्पाजी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात होते आणि रात्रभर झोपले नसल्यासारखे दिसत होते. लोकांना वाटलं, आनंद. त्यांनी भाषण मात्र दोन मिनिटांत आवरलं. सहा वर्षं जो माणूस लिफ्टमध्येही कावेरीवर बोलायचा, तो दोनच मिनिटं बोलला. मग नारळ फोडला आणि अंबूबाईंनी नळ सोडला.

पाणी आलं. अंबूबाईंनी ओंजळीने घेतलं, डोळे मिटले. सुखदानेही मिटले.

अंबूबाई म्हणाल्या, अमृत.

मग भांडी पुढे झाली. एकजण म्हणाला, हलकं आहे पाणी, पोटाला जाणवतसुद्धा नाही. दुसरी म्हणाली, हात धुतले तर बघा, आत्ताच मऊ लागतायत. तिथेच शेगडीवर चहा ठेवला होता, तो पिऊन लोक म्हणाले, चहाचीच जात बदलली. विश्वेश्वरांनी ओला हात डोक्यावरून फिरवला आणि ते तो बराच वेळ खाली घेईनात. एका गृहस्थांनी तर परसूच्या पाण्याची आठवण काढून जागेवरच तोंड वाकडं केलं, आणि तो वाईट स्वाद जावा म्हणून आणखी एक पेला रिचवला.

सुखदाला वाटलं होतं की अपराधी वाटेल. वाटलंही, साधारण उपम्यापर्यंत. उपमा खाताना तिच्या लक्षात आलं, की तिच्या नळाला तो लाल येतोय आणि ती खाली उभी राहून उपमा खातेय. ती धावत वर गेली.

दुपारभर तिने सापडेल त्या भांड्यात पाणी भरून घेतलं. संध्याकाळी भिंतीवरचं ऊन पिकायला लागलं तसं पातेलं मंद आचेवर चढवलं. कापड सोडलं. ढवळत राहिली. सहा पस्तीसला भिंतीवरचं ऊन गेलं आणि भिंत तांबडी राहिली, तेव्हा तिने कापड चिमट्याने उचललं. पाणी निथळलं. पातेल्यात आणि भिंतीवर एकच गोष्ट होती. मिनिट संपल्यावर भिंत विझली. कापड विझलं नाही. सुखदाने ते बाल्कनीतल्या दोरीवर पसरलं आणि कधी नव्हे ते हातांकडे न बघता कापडाकडे बघत उभी राहिली.

दारावरची बेल वाजली. आप्पाजी होते. उद्घाटनाचे पेढे वाटत चौथ्या मजल्यापर्यंत आले होते. सुखदाने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि ते कुठलं आहे हे दिल्यावर तिला आठवलं. आप्पाजी पेला हातात धरून बाल्कनीकडे बघत होते.

"हा रंग," ते म्हणाले, "परसूच्या पाण्याचा."

सुखदाने पेढा गिळला. त्यांना कसं कळलं?

"सहा वर्षं माझे पंचे याच पाण्यात धुतले गं. आमची ही मंजिष्ठेचं तेल लावायची गुडघ्याला. पंच्यावर सांडलं की हाच रंग. मेली ती, रंग गेला नाही." त्यांनी पेला न पिता खाली ठेवला. "म्हणजे तुला ठाऊक आहे."

सुखदाने मग सगळं कबूल केलं. पत्र, परसू, सात बादल्या, पाइप. उद्घाटन मीच नासवलं, म्हणाली. कावेरीत मीच बोअर मिसळली. आप्पाजी ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू, खालून सावली चढावी तसा, पण उलट, उजळत होता.

"कावेरीत?" ते म्हणाले. "कावेरी कुठं आलीय?"

झालं होतं असं. रस्त्यावरची लाइन आणि इमारतीची लाइन जोडायचा व्हॉल्व्ह आप्पाजींनी स्वतः मागवला होता. माप स्वतः घेतलं होतं, प्लंबरचा भरवसा नको म्हणून. बुधवारी व्हॉल्व्ह आला आणि अर्ध्या इंचाने चुकला. बरोबर मापाचा यायला तीन आठवडे. पत्रिका वाटून झाल्या होत्या. अंबूबाईंनी साडी काढली होती. सहा वर्षं आणि अर्धा इंच. कुणाला सांगायचं? ज्याच्या टँकरचं गाळीव पाणी चालू होतं त्याला करार संपला म्हणून आठवड्यापूर्वीच पत्र गेलं होतं. आप्पाजी बुधवारी दुपारीच रिक्षा करून परसूकडे गेले होते.

"तो म्हणाला, रविवारी सकाळी सातला," आप्पाजी म्हणाले.

सुखदा म्हणाली, मलाही.

"एक टँकर म्हणाला."

तिलाही एकच.

दोघांनी मिळून टँकर मोजले. एक भरला.

"माझ्याकडून पत्र घेतलं त्यानं," आप्पाजी म्हणाले. "सहा पानं. मी तीन लिहिली तर परत पाठवली. मोठ्या अक्षरात लिहून सहा केली."

परिशिष्टं?

"माझी लग्नपत्रिका लावली एक. दुसरं काही मिळालं नाही."

आता पुढे काय हा प्रश्न होता, आणि तो आप्पाजींनीच काढला. व्हॉल्व्ह येईपर्यंत परसू रोज पहाटे मागच्या गेटने येणार. कुणी विचारलं तर तो बागेसाठी. बागेत चार कुंड्या होत्या. ते बघून घेऊ. पण गॅलरीतल्या पाटीचं काय? सुखदाने प्रदर्शनाचं आमंत्रण अख्ख्या इमारतीला दिलं होतं. आश्लेषाला प्रत्येक क्विल्टखाली त्यातल्या वस्तूंची नावं हवी होती, पाण्यासकट. पाणी हेच तर खरं, असं ती मान वाकडी करून म्हणाली होती. आणि बाराव्याचं कापड कावेरीच्या पहिल्या दिवशी रंगवलं हे एव्हाना तिन्ही मजल्यांना माहीत होतं.

आप्पाजींनी तिला खोटं लिही असं म्हटलं नाही. ते फक्त म्हणाले, "सरी, बरं. तुझं चित्र आहे. तू बघ." आणि पेढ्यांचा डबा विसरून गेले. डबा परत करायला सुखदा गेली तेव्हा त्यांच्या टेबलावर तो चुकलेला व्हॉल्व्ह ठेवलेला होता, कागद उडू नयेत म्हणून. खाली सहा वर्षांचे कागद होते.

एप्रिलमध्ये इंदिरानगरला बारा क्विल्ट ओळीने लागले. गॅलरीच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन यायचं, ते पहिल्यावर पडून सरकत शेवटच्यापर्यंत जायचं, आणि बाराव्यावर पोचेपर्यंत संपायचं. तरी बारावा पेटलेला राहायचा. त्याच्यासमोर लोक बोलणं थांबवत होते. ध्रुव तिथे पाच मिनिटं उभा राहिला आणि त्याने मान डोलावली नाही. सुखदाला ते कळलं.

इमारतीतले लोक आले. अंबूबाईंनी बाराव्याखालची पाटी मोठ्याने वाचली: मांजरपाट, हिरडा, तुरटी, मंजिष्ठा, आमच्या इमारतीचं पाणी. "बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "कावेरी." मागे आप्पाजी उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, आणि मग चष्मा न घालता बराच वेळ क्विल्टकडे बघितलं.

परसूही आला, धुतलेल्या शर्टात. त्याने पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि माझं नाव का नाही म्हणून सुखदाला गाठलं. तिने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, की नाव लिहिलं तर आप्पाजी उघडे पडतील. परसूने विचार केला. मग म्हणाला, राहू दे, माझ्याकडं तीन पत्रं हायत. जाता जाता त्याने बाराव्याला बोट लावून पाहिलं आणि पहारेकऱ्याने हटकलं. परसू त्याला शांतपणे म्हणाला, माझंच पाणी हाय. पहारेकऱ्याला काय समजलं देव जाणे, पण तो मागे सरकला.

बरोबर मापाचा व्हॉल्व्ह प्रदर्शन संपता संपता आला. एका मंगळवारी, कुठल्याही नारळाशिवाय, इमारतीत खरोखरची कावेरी आली.

शुक्रवारी आप्पाजी सुखदाच्या दारात उभे होते. हातात रहिवाशांच्या तक्रारींचा गठ्ठा होता. पाण्याला आता चव राहिली नाही. पहिले तीन आठवडे काय होतं आणि आता काय आहे. चहा फिका पडतो. पोटाला जाणवतं. विश्वेश्वरांनी लिहिलं होतं की केस परत जायला लागले. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: कशात तरी कशाची तरी भेसळ होतेय, आणि ते पहिलं पाणी परत आणा.

"तुझं इंग्लिश चांगलं आहे बघ," आप्पाजी म्हणाले. ते हसत नव्हते; हसायला अजून स्वल्प वेळ होता. "सहा पानं. टाकीत निम्मं परसूचं घ्यावं म्हणून."

पुढच्या मालिकेत सुखदाला सकाळचा उजेड करायचा होता. त्यातही लाल होता. तिने संगणकावर जानेवारीचं पत्र उघडलं, 'परसू' काढून 'कावेरी' घातलं, आणि परिशिष्ट चारमध्ये चादरीच्या जागी बिस्किटाच्या रंगाच्या एका फडक्याचा फोटो लावला, उजेड बघून काढलेला. बाकी एकही शब्द बदलावा लागला नाही.